गाडगीळ बापलेक आणि पुढची पाच वर्षं

२०२६ च्या जानेवारीत पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ गेले आणि पुढच्याच आठवड्यात पुण्यात महापालिकेचं मतदान झालं. २०२२ च्या मार्चमध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली होती, तेव्हापासून जवळपास चार वर्षं इथे नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. तर त्या दिवसांत फोनवर गाडगीळ सरांचे जुने लेख, मुलाखती फिरत होत्या आणि खाली रस्त्यावर प्रचाराच्या रिक्षा. आणि त्याच दिवसांत सरकारचा पहिला अंदाजही आला की यंदा देशाची अर्थव्यवस्था ७.४ टक्क्यांनी वाढणार. तीन बातम्या आठ-नऊ दिवसांतल्या, पण टीव्हीवर काय किंवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काय, तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं कुणाला वाटलं नाही. मला वाटलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

पुढच्या चार-पाच वर्षांत आपल्या देशाचं काय होणार हा प्रश्न आजकाल कुठेही निघतो, लग्नाच्या पंगतीत, पार्किंगमध्ये, दवाखान्यात नंबर लावून बसलं की. आणि उत्तरं ठरलेली. एक तर आपण आता जगात तिसऱ्या नंबरला चाललोय, कशाला काळजी करता. नाहीतर मग, इथे काही राम नाही, मुलांना बाहेर पाठवा. दोन्ही उत्तरं देणारी माणसं शहाणीच असतात, पण दोघंही बघत असतात ते दिल्लीकडे नाहीतर शेअर बाजाराकडे. मला वाटतं त्यापेक्षा पुण्यातल्या गाडगिळांच्या घराकडे बघावं, जास्त कळतं.

माधवरावांचे वडील धनंजयराव, हे नाव नव्या पिढीला बहुतेक माहीत नसतं. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली तिचे ते पहिले संचालक, आपल्या बीएमसीसी रोडवरची संस्था. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा त्यांच्या पाठीशी जो अर्थशास्त्रज्ञ ठामपणे उभा राहिला तो हा. पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, आणि केंद्राने राज्यांना योजनेचा पैसा कोणत्या हिशोबाने वाटायचा याचं १९६९ मध्ये जे सूत्र ठरलं त्याला अजून गाडगीळ फॉर्म्युलाच म्हणतात. आणि मुलगा? टेकड्यांवर पक्षी बघत मोठा झाला, हार्वर्डला जाऊन शिकून परत आला, आणि आयुष्यभर जंगलं, देवराया, ओढे, नद्या आणि तिथे राहणारी माणसं यांचा अभ्यास करत फिरला. २०११ चा पश्चिम घाटाचा अहवाल त्यांच्याच समितीचा. वडलांनी पैशाचा हिशोब मांडला, मुलाने निसर्गाचा. एका घरातले दोन हिशोब, पण देशाने ते दोन वेगळ्या वह्यांत लिहिले आणि दुसरी वही कपाटात टाकून दिली. येत्या पाच वर्षांत जे काही होणार आहे ते, माझ्या मते, ही कपाटातली वही आपोआप उघडली जाण्यामुळे होणार आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते ती आत्ताच सांगून टाकते. वडील सहकाराच्या मागे उभे राहिले कारण ऊस ज्याचा, कारखान्यात आवाजही त्याचाच असला पाहिजे. मुलाने घाटाचा अहवाल लिहिला त्यात शेवटचा शब्द ग्रामसभेचा ठेवला. विषय वेगवेगळे, पण दोघांचं म्हणणं एकच होतं की जिथे गोष्ट घडते तिथल्या माणसाला विचारा. (सहकाराचं पुढे काय झालं ते आपण बघितलंच आहे, त्यावर वेगळं लिहायला हवं.)

आता आधी पैशाची वही. वाढीचा आकडा खोटा आहे असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. रस्ते झालेत, मेट्रो आली, यूपीआय तर आता पेरूच्या गाडीवर पण आहे. पण एकच आकडा दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो हे विसरायला होतं. गेल्या ऑक्टोबरमध्ये देशातली किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली, ही मालिका सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात कमी आकडा, पेपरात पहिल्या पानावर आनंदाची बातमी. माझे मामा जुन्नरकडचे. बराखीत कांदा ठेवलेला, भाव येईल भाव येईल म्हणत वाट बघितली, शेवटी सडका निवडून फेकत फेकत मंचरला नेला, आणि दहा किलोला जो भाव मिळाला त्यात गोणी, हमाली आणि गाडीभाडं सुद्धा धड निघालं नाही. मी त्यांना फोनवर म्हटलं की मामा इकडे भाजी बरीच स्वस्त झालीये. ते म्हणाले, "अगं तुझी महागाई कमी झाली म्हणजे आमचा कांदा मेला." गुलटेकडीच्या मार्केटयार्डात पिशवी घेऊन उभी असलेली मी आणि मंचरच्या आडत्यासमोर उभे असलेले मामा, दोघांसाठी देशाने एकच आकडा छापला. २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे देशातले ४६ टक्के कामकरी लोक अजून शेतीत होते आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे निम्म्याच्या जवळपास माणसं पाचवा हिस्सासुद्धा नसलेल्या पैशावर जगतायत. आणि हे शेतीतल्या माणसांचं प्रमाण करोनाच्या आधी कमी होत चाललं होतं, ते परत वाढलं, हे सगळ्यात जास्त काळजीचं आहे. गावाकडे परत गेलेल्या माणसाला शहराने पुन्हा बोलावलंच नाही.

आणि शहरात तरी काय आहे. २०२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात सरकारनेच लिहिलंय की २०३० पर्यंत दर वर्षी शेतीबाहेरचे ७८.५ लाख रोजगार तयार व्हायला पाहिजेत. माझ्या नणंदेचा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला, चाकणला अप्रेंटिस म्हणून लागला, मुदत संपली की दुसरी कंपनी आणि तिथे परत अप्रेंटिसच. मुलगा हुशार आहे, कामाला वाघ आहे, पण त्याच्या हातात कायमचं असं काही पडत नाही, आणि कायमचं काही नाही म्हणून लग्न ठरत नाही, आणि लग्न ठरत नाही म्हणून घरात रोज धुसफूस. हिंजवडीचं म्हणाल तर तिथे आता एआयमुळे नवीन भरतीच कमी. देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने गेल्या वर्षी १२ हजारांच्या वर माणसं कमी करणार असं जाहीर केलं तेव्हा बावधन, वाकड, बाणेरमध्ये किती घरांत कर्जाच्या हप्त्यांची गणितं पुन्हा मांडली गेली असतील. पुण्यातल्या मध्यमवर्गाची गेल्या पंचवीस वर्षांतली सगळी स्वप्नं एकाच प्रकारच्या नोकरीवर उभी आहेत हे खरं तर आधीच लक्षात यायला हवं होतं, पण चांगले दिवस असताना कोण बघतं.

मात्र खरी नवी गोष्ट मला कळली ती भोसरीत. माझा धाकटा भाऊ तिथे एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवतो, बोल्ट आणि मशीनिंगची कामं, त्याचा माल एका मोठ्या एक्सपोर्टरमार्फत युरोपात जातो. अमेरिकेने गेल्या ऑगस्टमध्ये ५० टक्क्यांपर्यंत टॅरिफ लावलं तेव्हा सगळे त्याला विचारत होते की तुझं काय, पुढे ते दर खाली आले, तो विषय मागे पडला. पण त्याची झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२६ पासून सीबॅम पूर्ण लागू केलं. म्हणजे पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत असला माल युरोपात जाताना तो बनवताना हवेत किती कार्बन सोडला त्याचा हिशोब द्यायचा आणि त्यावर तिथल्या आयातदाराने पैसे मोजायचे. आणि यात नट-बोल्टही आहेत. भाऊ म्हणाला, "ताई, बोल्ट तोच, मशीन तेच, पण आता विचारतात पोलाद कुठल्या भट्टीतलं आणि वीज कशाची."

वीज कशाची, हाच तर मुद्दा आहे. देशात वीजनिर्मितीची जेवढी क्षमता उभी आहे त्यातली निम्मी कोळसा-तेल-गॅस सोडून बाकीच्यातून आहे, सौर, पवन, पाणी, अणू असं सगळं धरून. हे २०३० चं लक्ष्य होतं आणि ते २०२५ मध्येच गाठलं, ही खरोखर मोठी गोष्ट आहे, तिचं कौतुक व्हायलाच पाहिजे. पण सूर्य रात्री नसतो, आणि प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतली सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच. भोसरीतल्या भावाच्या हातात यातलं काहीच नाही, तो महावितरणचं बिल भरतो, बस. म्हणजे बघा, माधवरावांची वही आपण उघडली नाही तर ती ब्रसेल्समधून उघडून भोसरीत पाठवली गेली, तीही बिलासकट. पुढच्या पाच वर्षांत असं वारंवार होणार आहे. पर्यावरणाचं काय ते नंतर बघू, आधी विकास होऊ दे, असं म्हणायची सोय आता उरलेली नाहीये, कारण गिऱ्हाईकच विचारायला लागलंय.

आणि गिऱ्हाईकाच्या आधी पाऊस विचारायला लागलाय. पुण्याला हवामानाचं काही नवीन नाही, हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे शिवाजीनगरला आलं, आम्ही त्या चौकाला अजून सिमला ऑफिसच म्हणतो. पाषाणला आयआयटीएम ही हवामानावर संशोधन करणारी संस्था आहे, तिथे तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम गेल्या मे महिन्यात सुरू झाली, सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी. म्हणजे अख्ख्या देशाला पाऊस सांगणारं डोकं आपल्या गावात आहे. २०२४ हे १९०१ पासूनचं देशातलं सगळ्यात उष्ण वर्ष होतं हेही हवामान खात्यानेच सांगितलं. आणि त्याच २०२४ च्या जुलैत, २५ तारखेच्या पहाटे, खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या पुढे पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना घरांत पाणी शिरलं. मी त्याच भागात राहते, आमची सोसायटी जरा उंचावर म्हणून वाचली, पण त्या सकाळी दोरीला धरून छातीभर पाण्यातून आजीआजोबांना बाहेर काढताना जे बघितलं ते विसरता येत नाही. पाऊस येणार हे माहीत होतं. धरण भरलंय हे माहीत होतं. पण पाणी सोडलं ही गोष्ट तळमजल्यावर झोपलेल्या माणसापर्यंत वेळेवर पोचलीच नाही. सहा किलोमीटरपर्यंतचं विज्ञान तयार आहे, शेवटच्या सहाशे मीटरचं कुणी नाही, कारण त्या सहाशे मीटरमधला माणूस म्हणजे नगरसेवक, आणि तो तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

त्याच्या आधी २०१९ मध्ये २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून अरण्येश्वर, सहकारनगरपर्यंत जे केलं, वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा तर नगरसेवक होते. म्हणून नुसती निवडणूक झाली की काम झालं असंही मी म्हणत नाही. ओढ्याच्या पात्रात भिंती बांधायला, ओढे वळवायला परवानग्या कुणी दिल्या, नकाशावरचे ओढे कुठे गेले, हे तेव्हाच्या सभागृहाने कधी नीट विचारलं नाही.

शहराबाहेर जरा गेलं की हेच चित्र मोठं होऊन दिसतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं, आणि गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका एसटी ड्रायव्हरच्या. बरोबर दहा वर्षांनी, तारीखही तीच, ३० जुलै २०२४, वायनाडमध्ये दरडींनी अडीचशेहून जास्त माणसं घेतली. मधल्या काळात तळीये झालं, इर्शाळवाडी झालं. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. तो आधी सरकारने दाबून ठेवला, माहिती अधिकारात लढून तो बाहेर काढायला लागला, मग त्यावर कस्तुरीरंगन समिती नेमली, तिने घाटाचा ३७ टक्के भाग संवेदनशील धरला, मग त्याच्या अधिसूचनेचा मसुदा निघाला, परत निघाला, परत निघाला, वायनाडच्या दुसऱ्या दिवशी सहावा मसुदा निघाला. अंतिम काही नाही. आणि लोकांना वाटतं गाडगीळ म्हणजे विकासाला विरोध. मी तो अहवाल बराचसा वाचलाय, त्यात जागोजागी एकच आग्रह आहे की काय करायचं आणि काय नाही ते गावांना विचारून ठरवा, वरून लादू नका. तो माणूस बंदी घालायला निघाला नव्हता, विचारायला निघाला होता.

मराठवाड्याचं तर बोलवत नाही. वर्षानुवर्षं टँकरने पाणी प्यायलेल्या धाराशिव, बीडमध्ये आणि शेजारच्या सोलापुरात गेल्या सप्टेंबरमध्ये सीना आणि बाकीच्या नद्यांनी शेतं खरडून नेली, पीक गेलं ते एका हंगामाचं, माती गेली ती पुढच्या पिढ्यांची. राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. हा आकडा मी मुद्दाम देतेय, कारण निसर्गाची वही बंद ठेवली की खर्च शेवटी पैशाच्याच वहीत येतो, आणि एकदम येतो.

आणि पैशाच्या वहीत जागा कुठे आहे? राज्यावरचं कर्ज २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातच ९.३२ लाख कोटींवर जाईल असं धरलं होतं. लाडकी बहीण योजनेला त्या वर्षी ३६ हजार कोटी. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना ते दीड हजार मिळतात, त्यांनी त्यातून मुलीच्या क्लासची फी भरली, आणि पहिल्यांदा आयुष्यात नवऱ्याला न विचारता पैसे खर्च केले असं त्या मला म्हणाल्या, म्हणताना चेहरा बघण्यासारखा होता. त्यामुळे फुकटे, रेवडी असले शब्द कुणी वापरले की मला राग येतो. पण त्याच मावशी नऱ्हे-आंबेगावच्या ज्या वस्तीत राहतात तिथे पाण्याला दिवस ठरलेला नाही, आणि गेल्या वर्षी जानेवारीत याच आमच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, पाण्यातून जंतू गेले आणि जीबीएस या नसांच्या आजाराचे दोनशेहून जास्त रुग्ण झाले. धडधाकट माणसं व्हेंटिलेटरवर. मावशींना दीड हजार आणि शुद्ध पाणी यातलं एकच मिळेल अशी वेळ का यावी, दोन्ही त्यांच्या हक्काचं आहे. केंद्राचंही बघा, २०२५-२६ मध्ये रस्ते-रेल्वे वगैरे भांडवली खर्चाला ११.२१ लाख कोटी आणि नुसत्या व्याजाला १२.७६ लाख कोटी. पुढच्या पाच वर्षांत जो कुणी सत्तेत असेल त्याच्या हाताला हाच चिमटा बसणार आहे.

पाण्यावरनं आठवलं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठा २९.१५ टीएमसी. त्यातलं वीस टीएमसीच्या वर आता एकटं पुणे पितं, आणि उरलेल्यावर दौंड, इंदापूरची शेती डोळे लावून बसलेली. शहरात २३ गावं आणखी आली, पाणी तेवढंच. आपण वापरलेलं पाणी शुद्ध करून मुंढव्यापासून खाली शेतीला द्यायचं हे कागदावर आहे, मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायकाच्या मदतीचा करार २०१६ मध्येच झाला, दहा वर्षं झाली तरी तो प्रकल्प पूर्णपणे चालू झालेला नाही. नदीकाठ सुशोभित करण्याचं काम मात्र जोरात. मला नदीकाठी फिरायला आवडेलच, पण आधी वास जाऊ दे, आणि इंदापूरच्या शेतकऱ्याला आपण काय पाठवतोय ते बघूया.

आता राजकारण, आणि इथे परत धनंजयरावांकडे यावं लागतं. त्यांच्या सूत्रात ६० टक्के वजन लोकसंख्येला होतं. आज तोच प्रश्न पैशाऐवजी खासदारांच्या जागांवर येऊन उभा आहे. लोकसभेच्या जागांची राज्यांमधली वाटणी अजून १९७१ च्या जनगणनेवर चाललीये, आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ती गोठवलेली आहे. ती जनगणना आता येतेय, २०२१ ची राहिलेली, १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस, आणि स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा तिच्यात सगळ्यांची जात मोजली जाणार. महिलांना एक तृतीयांश जागा देणारा २०२३ चा कायदा पण त्याच मतदारसंघ फेररचनेला बांधलेला. म्हणजे एका मोजणीवर तीन मोठ्या गोष्टी टांगलेल्या आहेत. तामिळनाडू, केरळ म्हणतात आम्ही कुटुंबनियोजन केलं, मुली शिकवल्या, त्याची शिक्षा म्हणून आमच्या जागा कमी होणार का. आपल्या महाराष्ट्रातही एका बाईमागे मुलांचं प्रमाण १.७ वर आलंय, बिहारमध्ये ३, हे २०१९-२१ च्या पाहणीतले आकडे. पण दुसऱ्या बाजूने बिहारचा माणूस विचारणार की माझ्या मताची किंमत कमी का, आणि त्याचंही चूक नाहीये. धनंजयरावांनी उरलेल्या ४० टक्क्यांत गरिबी, कर गोळा करायचा प्रयत्न, राज्याच्या खास अडचणी असं सगळं बसवलं होतं, सगळ्यांना पूर्ण समाधान नाही पण कुणाला अन्यायही नाही असं काहीतरी. तशी सबुरी आज कुणाकडे दिसत नाही, आणि मला पुढच्या पाच वर्षांतली सगळ्यात मोठी राजकीय भीती हीच वाटते, उत्तर-दक्षिण भांडण. ते टाळता येईल, पण घाईघाईत बहुमताच्या जोरावर केलं तर नाही टाळता येणार.

दिल्लीत किती खासदार हे ठरेल तेव्हा ठरेल. मला मात्र जास्त काळजी खालच्या मजल्याची आहे. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये महापालिकांच्या पैशाचा अभ्यास छापला, देशातल्या सगळ्या महापालिकांचं मिळून उत्पन्न जीडीपीच्या ०.६ टक्के. ०.६! पूर, जंतू, कचरा, ट्रॅफिक, झाडं, उष्णता, हे सगळं जिथे अंगावर येतं तिथे इतका पैसा, आणि अधिकार त्याहून कमी. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची आहे. घटनेत दर पाच वर्षांनी निवडणूक घ्या असं लिहिलेलं असताना मुंबई, पुण्यासारखी शहरं वर्षानुवर्षं बिननिवडणुकीची ठेवली गेली आणि आपल्याला त्याचा फारसा त्रासही झाला नाही, हे मला खरंच लागतं. सुप्रीम कोर्टाला मुदत घालून द्यावी लागली तेव्हा मतदान झालं. म्हणून जानेवारीत मी मतदानाला गेले तेव्हा लोकसभेला जाताना सुद्धा वाटलं नव्हतं तितकं महत्त्वाचं काहीतरी करतेय असं वाटलं.

पण मत देऊन झाल्यावर पुढे काय, चार सदस्यांचा प्रभाग, चौघंही एकमेकांकडे बोट दाखवणार. खेड्यातल्या माणसाकडे निदान ग्रामसभा आहे, ती भरते किंवा भरत नाही हा वेगळा प्रश्न, पण ठराव केला तर त्याला कायद्याने वजन असतं. पुरंदरच्या विमानतळाला अंजीर-सीताफळाच्या बागा जाणार म्हणून गावं उभी राहिली, मोजणीला विरोध झाला, पुढे बऱ्याच जणांनी संमती दिली, पण विचारायला तरी लागलं ना. शहरातल्या आपल्याला कोण विचारतं? तर आपल्याकडेही एक गोष्ट आहे, फार जणांना माहीत नसते, महापालिकांच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. आसपासच्या थोड्या मतदान केंद्रांतल्या मतदारांनी एकत्र बसायचं, कामं सुचवायची, झालेल्या कामांचा जाब विचारायचा. कायद्यात आहे आणि तिथेच राहिलीये. पुण्यात नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवायची पद्धत २००६ पासून आहे, ती तरी चालते, पण त्यात फुटपाथ, बाकडी, दिवे एवढंच जातं, ओढ्याचा प्रश्न त्यात बसत नाही.

म्हणून आम्ही आमच्या भागातल्या काही सोसायट्या आणि मागची वस्ती मिळून प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकच पत्र देतोय, की पावसाळ्याआधी क्षेत्रसभा बोलवा. विषयपत्रिका आम्हीच लिहिलीये. धरणातून पाणी सोडताना कुणी, किती आधी आणि कशा पद्धतीने वस्तीला कळवायचं, आणि ते काम कुणाचं. भागातल्या ओढ्यांचा जुना नकाशा आणि आत्ताचा नकाशा शेजारी शेजारी लावून दाखवायचा. विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्याची तपासणी दर किती दिवसांनी होते, रिपोर्ट कुठे लावतात. मैलापाण्याचा प्रकल्प कुठवर आलाय. मावशींनी त्यात स्वतःहून एक मुद्दा घातला, सभा संध्याकाळी सातनंतर ठेवा, नाहीतर कामाला जाणाऱ्या बायकांना येता येत नाही. तो मुद्दा आता पहिल्या नंबरवर आहे. सह्या घेणं चालू आहे, वस्तीतल्या सह्या सोसायट्यांपेक्षा भराभर होतायत, आणि ज्यांना हा मसुदा आपल्या प्रभागासाठी वापरायचा असेल त्यांनी मागून घ्या, नावं बदलली की झालं.